कुलपावरचं कुंकू

एकदा एक शिष्या, सकाळच्या साडेसातच्या ठोक्याला, तान्ह्या लेकीला पोटाशी धरून धावतच गुरूंच्या अंगणात शिरली.

"बाबा, पुनवेला खोली सोडा म्हणतो मालक! गावात जागाच उरली नाही हो. त्या धान्याच्या व्यापाऱ्याचं एक घर विकाऊ आहे, पण रोज भाव चढवतोय. आज अंगावरचं सोनं मोडून इसार देते, नाहीतर लेकीला घेऊन जाऊ कुठं?"

वृद्ध गुरूंनी शांतपणे तिच्या हाती कुंकवाचा करंडा ठेवला. "इसार संध्याकाळी दे. आधी लेकीच्या बारशाचं बोलावणं करून ये. एकही दार वगळू नकोस. घरी कोणी नसेल, तर रीतीप्रमाणे कुलपाला कुंकू लाव."

"डोक्यावर छप्पर नाही, अन् बारसं!" ती पुटपुटली. पण गुरूंचा शब्द मोडवेना.

दुपारी ती लालबुंद बोटांनी धापा टाकत परतली. "बाबा, कुंकू संपलं! माणसं थोडी, कुलपंच फार!"

तोवर गावभर गलका झाला. जिकडे पाहावं तिकडे लाल कुलपं! बायाबापड्या बोटं दाखवू लागल्या, "हे गं कुणाचं? अन् ते?" तेवढ्यात व्यापारी बायकोसह तणतणत गुरूंच्या अंगणात आला, मागोमाग सारी गर्दीही.

"माझ्या पाचही कुलपांना कुंकू कुणी फासलं?"

"बोलावणं आहे शेठ," गुरू म्हणाले. "त्या घरांतल्या माणसांना घेऊन या."

"तिथं कोण राहतंय!"

सारे खो खो हसले. शेठ ओशाळला.

गुरू शिष्येकडे वळले. "मुली, टंचाई खरी आहे, नवी घरंही बांधायला हवीत. पण निम्मी टंचाई कुलपाआड आहे. तू भयाने धावतेस, म्हणून भाव चढतो. भाव चढतो, म्हणून दुसरा आणखी भावाच्या आशेने रिकाम्या घराला कुलूप घालतो. ते कुलूप पाहून तू आणखी धावतेस. आधी थांबून दारं पाहावीत."

शेठाणीने कमरेची किल्ली सोडली. "कुंकू लागलेलं दार बंद ठेवू का मी? भाडं रीतसर घेईन हो, बाई. पण बारसं तिथंच कर."

"अगं, पण भाव..." शेठ म्हणाला.

"तुम्ही पाळणा बांधायला दोरी आणा!"

शिष्येने लेकीला घट्ट कवटाळलं. अंगावरचं सोनं अंगावरच राहिलं.

ज्याच्या कमरेला जादा किल्ली असेल, त्याच्या कानावर ही गोष्ट घाला. अन् जो घाबरून धावतोय, त्याच्याही.