शोधमाळावरची मोजणी

त्या राज्यात पाणी उरलं नव्हतं. प्राणी पहाटेचं दव चाटून आणि कंद चघळून दिवस काढत. म्हणून राजाने एका उजाड माळावर जमीन उकरणारे प्राणी वसवले आणि त्यांना पाणी शोधण्याचं काम नेमून दिलं. बाकीची प्रजा आपल्या वाट्यातले कंद त्यांना पोचवू लागली. त्या जागेला शोधमाळ म्हणत.

पाणी काही लागेना. कंद पाठवणारे कुरकुरू लागले. तिथे नेमकं काय चालतं ते राजालाही सांगता येईना, कारण बिळात डोकावलं तर अंधारच दिसे. तेव्हा करकोच्याने तोडगा सुचवला. आतलं दिसत नसलं तरी बाहेर पडलेली माती दिसते, ती मोजावी. बिळाच्या तोंडाशी उभं राहून तो ढीग आपल्या पायाला कुठवर लागतो ते सांगू लागला.

शोधमाळ एकदम जागा झाला. दिवसभर माती उडू लागली. मोजणीला हरणं नि माकडं गर्दी करत, आपल्या आवडत्या ढिगाच्या नावाने आरोळ्या ठोकत. सगळ्यांत पुढे होती घूस. खोल जाण्यात वेळ मोडतो हे तिच्या लवकर ध्यानात आलं होतं. ती वरवरची भुसभुशीत माती उकरी, एक बीळ सोडून दुसरं धरी. शेजारी मोजणीच्या वेळी आळीपाळीने एकमेकांच्या ढिगावर थोडी थोडी माती टाकून जात, आणि त्यात कुणाला गैर वाटत नसे.

काटेरी साळूचं मात्र एकच बीळ होतं. ती इतकी खोल गेली होती की वर आणलेली निम्मी माती परत आत घसरे. तिचा ढीग सगळ्यांत बुटका. शेवटी हुकूम निघाला: साळूचे कंद बंद करावेत आणि घुशीच्या ढिगातली माती लोटून तिचं बीळ बुजवावं.

घूस मिरवत आली, मागे सगळा माळ. तिने साळूला बाहेर बोलावलं. साळू आली नाही, खालून तिचा आवाज आला.

"माती टाकायची तर टाक, घूसबाई. पण आधी एकदा खाली ये. इथली माती पंजाला चिकटतेय."

घूस कुरकुरत उतरली. तळाच्या मातीत तिने पंजे रोवले आणि ते गार पडले. असा गारवा तिला जन्मात लागला नव्हता. उद्याच्या मोजणीत पहिलं यायचं तर आत्ता वर जाऊन आपला ढीग सांभाळायला हवा, हे तिला कळत होतं. तरी तिने वर तोंड करून सांगितलं, "ढीग राहू द्या. सगळे इथे या, उकरायला."

मग जी झुंबड उडाली, तशी त्या माळाने पाहिली नव्हती. कुणी उकरत होतं, कुणी वर फेकत होतं, आणि कुणाची माती कुठली हे कुणी पाहत नव्हतं. वर येणारा चिखल ढीग न होता पसरून जाई. एकाएकी तळ बुडबुडला, साळूचे पाय भिजले, आणि सगळे एकमेकांना ढकलत, हसत वर धावले. मागोमाग पाणी चढत आलं.

करकोचा मोजणीला आला तेव्हा काठाला हरणं, माकडं, साळू, घूस आणि खुद्द राजा, सगळे पाण्याकडे माना वाकवून उभे होते. ढीग कुठे आहे, असं तो एकेकाजवळ जाऊन विचारू लागला. उत्तर द्यायला कुणाचंच तोंड पाण्याबाहेर नव्हतं.