खंडेनवमीला न थांबलेला बॉयलर

ही गोष्ट अगदी खरी. देवाशपथ म्हटलं असतं, पण गोष्टीतली दोन्ही माणसं नास्तिक, तेव्हा आईशपथ. मी स्वतः तिथे होतो. म्हणजे कारखान्याच्या फाटकापर्यंत होतो. नीट सांगायचं तर माझा साडू तिथे कामाला होता, आणि तोही त्या दिवशी रजेवर होता.

तर…

“अण्णा, तुम्ही देव मानत नाही. मग बॉयलरला हळदकुंकू कसलं लावता?”

विचारणारा सुयोग काळदाते. सोलापूरकडच्या त्या कापड रंगवायच्या कारखान्यात गजेंद्रअण्णांच्या हाताखाली बॉयलर चालवायला शिकला, आणि आता कारखान्यांना सल्ले विकत होता.

अण्णांनी भट्टीत दोन लाकडं सारली.

“लावत होतो. यंदा नाही लावलं.”

यंदा लावलं नाही ते सुयोगमुळेच. त्याने मालकाला अहवाल दिला होता की खंडेनवमीला यंत्रांच्या पूजेपायी दोन दिवस बॉयलर थंड पडतो, दिवाळीच्या तोंडावर ही अंधश्रद्धा परवडत नाही. मालक देवीला भिऊन असे. पण अहवाल इंग्रजीत होता. पूजा रद्द झाली. त्याला आता आठवडा झाला होता, आणि सुयोग नास्तिक गुरूकडून शाबासकी घ्यायला आला होता.

“दोन दिवस दार लावून करत काय होता तुम्ही?”

“आंघोळ घालत होतो.”

“कोणाला?”

अण्णांनी वर बोट केलं. बॉयलरच्या डोक्यावर सेफ्टी व्हॉल्व्ह होता. वाफ हद्दीबाहेर गेली की त्याने आपोआप उघडायचं, शिट्टी मारायची, वाफ बाहेर फेकायची.

“खोलायचा. गंज काढायचा. परत बसवायचा. वर झेंडूची माळ.”

“हे दुरुस्तीचं काम झालं. मालकाला तसंच सांगायचं होतं.”

“सहा वर्षं सांगितलं. तासभर बंद ठेवायला तयार नव्हता… मग देवीचं नाव घेतलं. दोन दिवस दिले. वर पेढे.”

सुयोग हसला. म्हणजे तुम्हीसुद्धा देवाच्या नावावर खोटं बोललात, म्हणाला.

“तो देवीला भितो,” अण्णा म्हणाले. “मी बॉयलरला.”

तेवढ्यात लाईट गेली. पलीकडची यंत्रं एकदम गप्प झाली. वाफ खाणारं कुणी उरलं नाही, आणि भट्टी तर भरलेली.

वाफेच्या दाबाचा काटा हलला. लाल रेघ होती दहावर.

आठ… नऊ…

सुयोग उठायला गेला. अण्णांनी त्याचं मनगट धरलं.

“थांब. दहाला शिट्टी ओरडते. ऐकू.”

भट्टीसमोर बसलेल्या माणसाचा हात, पण गार होता. ओला होता.

दहा.

…

साडेदहा. वरचा पत्रा टिकटिकायला लागला.

“अण्णा…”

“पळायचं तर पळ. भिंतीपलीकडे चाळीस बाया डबे खातायत.”

भिंतीतून त्यांचं हसणं ऐकू येत होतं. कुणीतरी कुणाला तरी लोणचं मागत होतं.

अकरा.

आणि शिट्टी वाजली. वाफेचा लोट छप्पर फाडल्यासारखा वर गेला, काटा सरसर उतरला, आणि सुयोग म्हणाला, बघा अण्णा, पूजेवाचून वाजली.

आता आईची शपथ घेतलीये तर सांगून टाकतो. ती शिट्टी मी वाजवली. गोष्ट इथवर आली की माझ्याच छातीत धडधडतं, म्हणून दर वेळी वाजवतो.

शिट्टी वाजली नव्हती.

अण्णांनी मनगट सोडलं, वर चढले आणि वाफ सोडायचं चाक उघड्या हातांनी फिरवलं. तळव्याची कातडी चाकालाच राहिली. सुयोगने लोखंडी आकडीने भट्टीतला विस्तव जमिनीवर ओढला, बुटांचे तळवे वितळेपर्यंत ओढला. काटा उतरला तो हळूहळू, कुरकुरत. पलीकडे बायांनी डबे धुतले. त्यांना काही कळलं नाही.

लाईट आली. मालकाचा निरोप आला की पुन्हा पेटवा, माल अडलाय.

सुयोग राखेत बसला होता. मी आत्ता जाऊन मालकाला सांगतो, म्हणाला, व्हॉल्व्ह गच्च बसलाय, दोन दिवस बंद ठेवा.

“दिवाळी होऊ दे म्हणेल.”

“मग काय सांगू?”

अण्णा तळव्याला ओला फडका गुंडाळत होते. गाठ दाताने ओढली…

“सांग, देवी स्वप्नात आली होती.”

“तुमच्या?”

“नाही रे. तुझ्या.”