बालवाडीच्या विटा

खानदेशातल्या एका गावात बालवाडीची नवी खोली बांधायची होती. बचतगटाच्या भीमाबाई सोनवणे यांनी सहा बायकांना हाताशी धरून मातीच्या, न भाजता दाबून केलेल्या विटा तयार ठेवल्या होत्या. पण तपासणीला आलेले दाभाडकर साहेब विटेला हात न लावताच म्हणाले, "छे! मातीत मुलं बसवायची? बांधा सिमेंटच्या ब्लॉकची खोली."

अहवाल विरोधात गेला की सगळी मेहनत वाया. तरी भीमाबाई हसून म्हणाल्या, "बरं साहेब. अहवाल लिहायला पंचायतीच्या खोलीत बसा. ती ब्लॉकचीच आहे."

मे महिन्यातली भर दुपार, त्यात वीज गेलेली. दहा मिनिटांतच साहेब घामाने निथळत बाहेर आले. "बाई, कुठे गार जागा आहे का हो?"

भीमाबाईंनी त्यांना शेजारच्या आपल्या घरात नेलं. छप्पर पंचायतीच्या खोलीसारखंच कौलारू, पण भिंती मातीच्या विटांच्या. साहेबांनी दोन पेले ताक घेतलं, ऐसपैस मांडी घातली आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'मातीच्या विटांची खोली बसण्यास अयोग्य.'

"साहेब, खाली 'ठिकाण' लिहायचं राहिलं," भीमाबाई म्हणाल्या.

"काय लिहू?"

"खरं तेच लिहा. 'भीमाबाईंच्या मातीच्या घरात, मांडी घालून.'"

दारातल्या बायका फिस्सकन हसल्या. साहेबांनी एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा कागदाकडे. मग पेन उचलून 'अयोग्य'मधला 'अ' तेवढा खोडून टाकला.