सातव्या मिनिटाला थांबलेला ढोल

शपथेवर सांगतो, ही गोष्ट अक्षरशः खरी आहे. मी डोळ्यांनी पाहिलीय. त्या दिवसांत मी गावात नव्हतो, ते सोडा.

तर एका गावात एक भोळा ढोलवाला होता. नाव गेनबा. रसूल मास्तरांच्या बँडमध्ये वाजवायचा. मास्तर तरुणपणी जहाजावर सॅक्सोफोन वाजवत. तिकडच्या कॅरिबियन बेटांचा ठेका त्यांच्या कानात बसला होता. तो ठेका आणि कुठलाच नियम न पाळणारं नवं जाझ एकत्र करून मरण्याआधी एक अल्बम काढायचा, एवढा एकच ध्यास. आणि तो ठेका अख्ख्या बँडमध्ये फक्त गेनबाच्या हाताला जमला. काय करता?

तालमीत मास्तर म्हणाले, "गेनबा, या संगीतात मनात येईल तिथं थांबायचं."

"व्हय मास्तर."

दुसऱ्या दिवशी वरात होती. भर चौकात गेनबाच्या मनात आलं. थांबला. घोडा ढोलामागं चालणारा. ढोल थांबला तसा तो वळला आणि नवरदेवाला घेऊन घरी गेला. मुहूर्त टळला.

"अरे, नवरदेव मांडवात पोचेपर्यंत थांबायचं नसतं."

"व्हय मास्तर."

पुढच्या आठवड्यात सरपंचांचे वडील गेले. तिरडी स्मशानात टेकली, सगळे गप्प झाले. गेनबाचा बेटांवरचा ठेका चालूच. दोन खांदेकरी नाचायला लागले.

"थांब की गाढवा."

"नवरदेव कुठं पोचलाय अजून?"

मास्तरांनी कपाळाला हात लावला. "घरच्यांना रडू आलं की ढोल थांबवावा. चपला काढाव्यात. जवळ जाऊन धीराचे दोन शब्द बोलावेत."

"व्हय मास्तर."

मग कोल्हापुरात स्टुडिओ मिळाला. एकच दिवस. सकाळपासून जमेना, आणि शेवटच्या अर्ध्या तासात जमलं. सॅक्सोफोन सुटला वाऱ्यासारखा, खाली ढोल लाटेसारखा. सातव्या मिनिटाला मास्तरांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

ढोल थांबला. गेनबानं चपला काढल्या. मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवून तो माइकपाशी हळूच म्हणाला, "सावरा मास्तर. सुटले बिचारे, हाल झाले नाहीत. उचलायचं कधी?"

वेळ संपली. अल्बम तसाच निघाला. पुण्यातले जाणकार म्हणाले, खरं नवेपण त्या सातव्या मिनिटाला आहे.

मास्तरांनी मात्र घरी येऊन विचारलं, "गेनबा, अरे, मेलं कोण होतं?"

"अशा दुःखाच्या वेळी ते कसं विचारायचं, मास्तर?"

यातला घोडा तेवढा मी पदरचा घातला. नवरदेव चालत होता. घरी गेला तो आपणहून.