कोऱ्या संगणकावरची पाळी

एकदा एका शिष्याने गाठोडे बांधले. कापडाचे नव्हे, सॉफ्टवेअरचे. कॅलेंडरच्या आणि संपर्कांच्या फायली वाचून त्यांतल्या वेळा, नावे, फोन नंबर वेगळे काढणारी एक लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रॅमना वापरता येणारा तयार कोड, त्याने लिहिली होती. ती कोणालाही आपल्या संगणकावर बसवता यावी म्हणून त्याने तिचे पॅकेज केले. तालुक्याच्या गावातले एक डायलिसिस केंद्र त्याची वाट पाहत होते. रुग्णांच्या पाळ्या यापुढे त्यावरच लागणार होत्या.

शिष्याचे नाव शार्दूल. हुशार, आणि आपण हुशार आहोत हे पक्के ठाऊक असलेला. "सर, सगळ्या चाचण्या पास. पाठवून देऊ?" त्याने विचारले.

त्याचे गुरू रिसबूड सर उठले. त्यांनी कपाटातून एक जुना संगणक काढला, त्यातले होते नव्हते ते सारे पुसून टाकले आणि म्हणाले, "यावर बसव."

शार्दूलला रागच आला. "अहो सर, माझ्याकडे उत्तम चालतंय की! या रिकाम्या डबड्यावर कशाला?"

"बसव तर खरं."

पॅकेज निमूट बसले. तक्रारीचे एक अक्षर उमटले नाही. मात्र सकाळी नऊची पाळी पडद्यावर पहाटे साडेतीनची दिसू लागली. शार्दूलचा चेहरा उतरला. कोणी आजारी माणूस अपरात्री गाडी करून बंद दारापुढे येऊन बसला असता.

सर म्हणाले, "कोणत्या देशाचं घड्याळ ग्रीनिचच्या घड्याळापेक्षा किती पुढे, आपलं साडेपाच तास, याचा तक्ता तुझ्या संगणकावर आधीपासून आहे, यावर नाही. दुसऱ्याच कशासाठी तरी आला असेल. तुझी लायब्ररी त्याच्या जिवावर चालत होती, म्हणून तो तुला कधी दिसलाच नाही. बाबा रे, आपल्या घरी मीठ आहे म्हणून ते दुसऱ्याच्या शिदोरीत आपोआप पडत नाही. बांधणाऱ्याने आपल्याकडे काय आहे ते पाहू नये. सोडणाऱ्याकडे काय नाही ते विचारावं."

"मग बसवताना तो तक्ता इंटरनेटवरून उतरेल, असं करतो."

सरांनी फोन त्याच्यापुढे सरकवला.

सरांचे बोलणे शार्दूलला आता उमगले. मग त्याने केंद्रात फोन लावला. "सिस्टर, तुमच्या संगणकावर काय काय नाही, सांगता का?"

"नेट नाही हो दादा. रस्ता खणताना तार तुटली, ती अजून तशीच आहे. बरं झालं विचारलंत!"

शार्दूलने तक्ता पॅकेजमध्येच घातला, कोऱ्या संगणकावर नऊचे नऊ दिसलेले पाहिले आणि मगच ते पेनड्राइव्हवर घालून पाठवले.

आपण मात्र मदत पाठवून मोकळे होतो. समोरच्याकडे काय नाही, हे विचारायला आधी फोन करत नाही.