पाळीवर धरलेला पदर

"तिच्या ढिगावर मूठ टाकशील तर माझ्या दारात पाय ठेवू नको, फुलवंता!"

"नाही ठेवत जा! पण बाई गादीवर बसते आहे, बाई! आजवर कोणत्या जन्मी बसली होती का?"

"बाई म्हणे! अवं, नववा महिना भरलेला होता मले, अन् तिचा भासरा आंगणात आला म्हणून तिनं मले पंगतीतून उठवलं. भिंतीले धरून उभं ठेवलं, तो जेवून जाईतोवर. तेव्हा कुठं गेली होती तिच्यातली बाई?"

आंभोरटोल्याच्या तलावाच्या पायऱ्यांवर हे भांडण पेटलं होतं. ओरडत होती ती सुगरता, भरल्या अंगाची, खणखणीत आवाजाची. उत्तर देत होती ती फुलवंता, बयनामायची सून. बाकीच्या बाया धुणं तसंच टाकून दोन बाजूंना उभ्या राहिल्या होत्या. आणि मधल्या पायरीवर, पाण्यात पाय सोडून, एक शब्द न बोलता बसली होती बयनामाय स्वतः.

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे ही. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका. तेव्हा तलावाच्या पलीकडे जंगल होतं आणि वाघ पाण्यावर येत असे, एवढं पुरे. त्या तलावावर आसपासच्या सगळ्या गावांचा भात पिकायचा. कोणाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, पाणी आधी जाईल, कोणाच्या भांडणाचा निवाडा कसा होईल, कोणाला गावात ठेवायचं आणि कोणाला बाहेर काढायचं, हे सगळं एका माणसाच्या हातात असे. त्याला म्हणत तलावाचा धनी.

हा धनी निवडायची रीत अशी होती. गादीवर हक्क सांगणारी माणसं सूर्य उगवताना पाळीवर, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधावर, येऊन बसत. गाव एकेक मूठ माती आणून आपल्या माणसापुढे टाके. सूर्य बुडताना ज्याचा ढीग उंच, तो धनी. आणि एक अट होती. दिवसभरात जो उठला, त्याचा हक्क गेला. मग तहान लागो, साप येवो, नाहीतर घर जळो.

आधी मूठ फक्त पुरुषाची होती. बाईची मूठ पडू लागली ती बयनामुळे. एका पावसाळ्यात पाळ फुटली. पुरुष माणसं ढोरं घेऊन टेकडीवर पळाली आणि बयना गावातल्या बाया घेऊन पाळीवर गेली. माती टाकली, ती वाहून गेली. दगड टाकले, ते वाहून गेले. तेव्हा बयना स्वतःच त्या भगदाडात आडवी झाली आणि म्हणाली, "आता माझ्यावर टाका." असं म्हणतात की पाण्याने तिच्या कानाशी येऊन विचारलं, बाई, तू कोणाची कोण? ती म्हणाली, मी इथली आहे, तू परत फिर. आणि पाणी फिरलं.

तेव्हाच्या म्हाताऱ्या धन्याने तिला विचारलं, काय पाहिजे ते माग. जमीन मागेल, चांदी मागेल असं त्याला वाटलं असेल. तिने मागितलं एवढंच: "आमचीही मूठ पाळीवर पडू द्या." शब्द देऊन बसलेला माणूस, करतो काय! हो म्हणाला.

आता त्या म्हाताऱ्याचा मधला मुलगा, जो त्याच्यामागे धनी झाला होता, तोही वारला होता. गादी रिकामी होती. तिच्यावर हक्क सांगितला त्याच्या विधवेने, रायवंताबाईने.

रायवंता काही अशीतशी बाई नव्हती. नवरा अंथरुणाला खिळला तेव्हापासून तलाव तिनेच चालवला होता. सुक्या सालात एकाही गावाला तिने उपाशी राहू दिलं नव्हतं. पण तिच्या तोंडाला पदर असे आणि मनालाही पदर असे. बाईने उंबऱ्याच्या आत बोलावं. वडीलधारा पुरुष समोर आला की बाईने उठावं, पाठ फिरवावी, बसून राहू नये. आणि तिने चारचौघांत सांगून टाकलं होतं, लपवाछपवी तिच्या स्वभावातच नव्हती: "मी धनीण झाली की बायकांची मूठ बंद करीन. बाईच्या हातची माती चुलीले लागते, पाळीले नाही."

तिच्या समोर होता तिचा धाकटा दीर, डोमाजी. त्याने बायकांच्या मुठीला कधी हो म्हटलं नाही, कधी नाही म्हटलं नाही. त्याला खरं तर कशालाच नाही म्हणता येत नसे, विशेषतः मोहाच्या दारूला.

म्हणून पायऱ्यांवर भांडण पेटलं होतं. फुलवंता म्हणत होती, एकदा बाई बसू दे, मग बाकीच्यांना वाट होईल. सुगरता म्हणत होती, ती बसेल आणि वाट बुजवून टाकेल.

"अन् तशीही पांढऱ्या कपाळाची," सुगरता पुढे बोलून गेली. "सकाळी तिचं तोंड पाहिलं तर दिवस..."

तेव्हा बयनामाय पहिल्यांदा बोलली.

"सुगरता, मी पण पांढऱ्या कपाळाचीच आहे. माझं तोंड पाहून तुझे किती दिवस वाईट गेले, सांग बरं?"

सुगरताने मान वळवून धुणं पिळायला घेतलं. पण भांडण काही मिटलं नाही. बाया आपापलं धुणं घेऊन दोन वाटांनी घरी गेल्या, आणि बयनाच्या घरात सासू-सुनेने एकमेकींकडे न पाहता भाकर खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवताना रायवंता पाळीवर येऊन बसली. डोमाजी येऊन बसला. आधी पुरुषांच्या मुठी पडायची रीत होती. आणि पाहता काय! पुरुष रांगेने येत होते आणि रायवंतापुढे माती टाकत होते. बायकांना धाकात ठेवणारी बाई पुरुषांना फार आवडते. दुपारपर्यंत तिचा ढीग मांडीएवढा झाला, आणि डोमाजीपुढे होती ती एखाद्या घुशीने उकरावी तेवढी माती.

डोमाजीची माणसं घाबरली. मग त्यांना बोलायला तोंड फुटलं.

"बाईले धनी असते गा, बाई कुठं धनी होते काय!"

"रात्री पाणी सोडाले कोण जाईन? हिचा पदर जाईन काय?"

कोणी हिरव्या बांगड्या आणून तिच्या पुढ्यात फेकल्या. विधवेपुढे बांगड्या! रायवंता हलली नाही. तिने बांगड्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. बायकांच्या घोळक्यात सुगरता हसली, आणि बयनामायने तिच्याकडे अशी काही नजर टाकली की ते हसू तिच्या तोंडातच विरघळलं.

मग त्यांनी तो डाव टाकला. दुसऱ्या कोणत्या गावात तो डाव डाव ठरलाच नसता. तो फक्त आंभोरटोल्यात चालण्यासारखा होता, आणि फक्त रायवंतावर.

रायवंताचा भासरा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा मोठा भाऊ, उरकुडा, कित्येक वर्षं खाटेवर होता. अर्धा आंधळा, बोलणंही थोडंच. डोमाजीच्या माणसांनी त्याला खाटेसकट उचललं आणि पाळीवर आणायला निघाले.

सगळ्यांना एकदम कळलं. भासरा समोर आला की सुनेने उठायचं, पाठ फिरवायची. ही रीत रायवंताने सगळ्या गावाकडून पाळून घेतली होती. उठली तर गादी गेली. बसून राहिली तर जन्मभर जे बोलली ते खोटं ठरलं, आणि खोट्या बाईला पुरुष आपल्या मुठी ठेवू देणार नव्हते, माती परत उचलून नेणार होते.

खाट येत होती. तिच्या दोऱ्या करकरत होत्या. रायवंताचा पदर पार हनुवटीपर्यंत खाली आला होता. तिचे गुडघे उठायला लागले. जन्माची सवय ती, अंग थोडंच विचारून उठतं!

सुगरता बयनामायच्या कानाशी आली. "माय, हलू नको," ती म्हणाली. "देवच करून राहिला. तिची रीत तिच्याच गळ्यात पडली. आपली मूठ वाचली!"

आणि ते खरंच होतं. बयनाला काही करायचंच नव्हतं. नुसतं उभं राहायचं होतं. ज्या मुठीसाठी ती भगदाडात झोपली होती, ती मूठ आपोआप वाचत होती.

बयनामायने एकदा तलावाकडे पाहिलं. मग ती घोळक्यातून निघाली, पाळ चढली, आणि खाट आणि रायवंता यांच्या मधोमध जाऊन उभी राहिली. तिने आपला पदर डोक्यावरून काढला, दोन्ही हातांनी दोन टोकं धरली आणि ताणून आडवा धरला. इकडे रायवंता, तिकडे खाट, मध्ये पदर. जो भासरा दिसतच नाही, त्याच्यासाठी उठायचं कसं?

"समोर कोण हाय?" खाटेवरून उरकुडाने विचारलं.

"भिंत आहे, उरकुडा," बयना म्हणाली. "झोप तू."

गाव हसलं. भीत भीत हसलं, पण हसलं.

डोमाजीच्या माणसांनी खाट डावीकडे नेली. पदर डावीकडे गेला. खाट उजवीकडे नेली. पदर उजवीकडे गेला. म्हातारी थकेल, म्हणून त्यांनी खाट खाली ठेवली आणि ते वाट पाहत बसले. ऊन पाठीवर आलं. बयनाचे हात खाली आले नाहीत. असं म्हणतात की त्या दुपारी वारा तलावाच्या पलीकडेच थांबला, पळसाचं पान हललं नाही. असं म्हणतात की दोन बगळे येऊन तिच्या दोन मनगटांवर बसले आणि तेही हलले नाहीत. तिच्या टाचा पाळीच्या मातीत घोट्यापर्यंत रुतल्या, जणू पाळीने तिला आपलंच माणूस म्हणून आत ओढून घेतलं.

आता बायकांच्या मुठींची वेळ झाली. पण एकीचाही पाय उचलेना. घोळक्यात पुन्हा तेच भांडण उसळलं, कालच्यापेक्षा दुप्पट.

"माय फितूर झाली!" सुगरता रडत ओरडली. "आमच्या जिवावर हिनं तिले वाचवलं!"

"फितूर नाही, शहाणी झाली!" फुलवंता ओरडली. "कळलं का आता? मायनं कौल दिला. चला, सगळ्या मुठी रायवंताबाईले!"

"तिले देशील तर ही आपली शेवटची मूठ!"

एकीने दुसरीच्या झिंज्या धरल्या. कोणाच्या मुठीतली माती कोणाच्या डोळ्यांत गेली. पुरुष मजेने पाहत होते, बायकांचं हे असंच असतं म्हणत होते.

तेव्हा पदरामागून रायवंता बोलली. तिचा आवाज खाली होता, पण त्यात विनवणी नव्हती. धन्याच्या घरची बाई, ती विनवणार थोडीच. "बयनाबाई, मी बसून आहे ती तुमच्यामुळे. आता मूठही माझ्याकडेच शोभेल. सांगा त्यांना."

सगळ्या बाया थांबल्या. झिंज्यांतला हात झिंज्यांत राहिला. बयनामाय काय बोलते याकडे सगळं गाव कान लावून होतं.

ती एकच वाक्य बोलली, आणि भांडण मिटलं.

त्यानंतर काय झालं ते सांगते. बयनाने डोमाजीला नावाने हाक मारली आणि खाट उचलायला लावली. दुसऱ्याच्या नाही, त्याच्या स्वतःच्या खांद्यावर. खाट उचलायची तर उठावं लागणार आणि उठला तर त्याचा हक्क जाणार, हे त्याला अर्ध्या वाटेत आठवलं. पण तोवर तो उठलेला होता! जन्मात कशालाच नाही म्हणता आलं नाही, ते असं भोवलं. गाव हसलं, आणि या वेळी भीत भीत नाही.

खाट घरी गेली, आणि पाळीवर राहिली एकटी रायवंता. तेव्हा सुगरता पुढे आली आणि डोमाजीच्या मोकळ्या जागेवर मटकन बसली. सूर्य उगवताना येऊन बसायची चाल होती खरी, पण उशिरा बसू नये असं कोणी कधी म्हटलं नव्हतं. सूर्य बुडायला थोडाच वेळ होता. बाया तिच्यापुढे माती टाकू लागल्या, फुलवंतानेही टाकली, तोंड फुगवून का होईना. मूठ संपली की दुसरी बाई, ती संपली की तिसरी. असं म्हणतात की दूरदूरच्या गावांहून बाया कडेवर तान्ही लेकरं घेऊन पळत आल्या, आणि त्या पाळीवर चढेपर्यंत सूर्य झाडाच्या शेंड्याला अडकून राहिला. शेवटची मूठ बयनाची. ती पडली आणि दिवस बुडाला. सुगरताचा ढीग वरचढ होता.

रायवंता सूर्य बुडाल्यावर उठली, स्वतःच्या मर्जीने. तिने आपली माती आपल्या पायाने पाळीत दाबली आणि घरी गेली. तिचं मत मरेपर्यंत बदललं नाही. का बदलावं? तिचं होतं ते. पण बयना गेली तेव्हा तिच्या मयतीला ती आली होती, आणि खाटेवरून आणलेला भासरा समोर असूनही बसून राहिली होती, असं म्हणतात. मी काही पाहिलेलं नाही.

पाळीवर टाचांचे ते दोन खळगे अजून आहेत. आंभोरटोल्यात आजही सभा भरली आणि एखादी बाई बोलायला उठली, की दुसरी एक बाई पदर पसरून तिच्या शेजारी येऊन उभी राहते. मैत्रीण नाही चालत. जिचं मत उलटं आहे, तिनेच उभं राहायचं असतं. मग बोलणाऱ्या बाईच्या कपाळाबद्दल, कुशीबद्दल, घरातल्या माणसाबद्दल कोणी तोंड उघडत नाही. जे काय भांडायचं ते तिच्या बोलण्याशी. याला तिथे बयनाचा पदर म्हणतात. आणि पदर पसरताना ती बाई बोलणारीच्या डोळ्यांत पाहून तेच म्हणते, जे बयनामाय त्या संध्याकाळी म्हणाली:

"तुले कोणी उठवू नये म्हणून मी उभी राहिली, रायवंता, तू बसावं म्हणून नाही."