नदीचा उतार आणि चित्रांची पेटी

फार फार जुनी गोष्ट. तेव्हा नद्यांवर पूल नव्हते.

एका नदीकाठी ख्रिस्ती लोकांचे छोटेसे गाव होते. त्यांचे प्रार्थनामंदिर मात्र पलीकडच्या तीरावर. दर रविवारी एक उंचापुरा वाटाड्या काठीने तळ चाचपत पुढे चाले. पाणी गढूळ, तळ दिसत नसे. म्हणून रिवाज एकच: पुढच्याने जिथे पाऊल टाकले, तिथेच मागच्याने टाकायचे.

एकदा पलीकडे एक खेळवाला आला. त्याच्या पेटीच्या भोकाला डोळा लावला, की आत चित्रे नाचत. गावात वाद पेटला.

"पाप आहे ते!" एक म्हणे.

"शास्त्रात पेटीचं नाव दाखवा!" दुसरा म्हणे.

वाटाड्याने म्हाताऱ्या पाळकांना गाठले. "पाळकसाहेब, बघू का नको?"

पाळक हसले. "बघ की. फक्त दोन गोष्टी स्वतःला विचार. वेळ झाली की पेटीपुढून उठता येतंय का? आणि आपल्यामागं कोण चालतंय?"

"मागं कोण असणार? मी एकटाच जाणार!"

तो गेला. मग रोजच जाऊ लागला.

पुढच्या रविवारी उपासनेआधी एक खेळ व्हायचा होता. तो चुकू नये म्हणून वाटाड्याने उथळ पाण्याची वळणाची वाट सोडली आणि सरळ नदी कापली. पाणी त्याच्या छातीला लागले. त्याच्या लगेच मागे गावची ठेंगणी सुईण गीतपुस्तक धरून गात येत होती. तिने रिवाज पाळला.

मागचे गाणे एकाएकी थांबले. वाटाड्याने वळून पाहिले. पाण्यावर फक्त एक हात, आणि हातात उंच धरलेले गीतपुस्तक!

त्याने झेप घेऊन तिला उथळात ओढले. तो म्हणाला, "मावशी, स्वतःची उंची तरी बघायची!"

"मेल्या," सुईण खोकत म्हणाली, "माझ्या उंचीनं चालायचं असतं, तर तुला कशाला पुढं घातलं असतं?"

सगळे खदखदून हसले. पण वाटाड्याच्या मागे पाऊल टाकायला कुणी तयार होईना. त्याने मान खाली घातली आणि काठी सुइणीच्या हाती दिली.

त्या दिवशी सुईण पुढे आणि तो उंच गडी शेवटी, तिच्या एवढ्याशा पावलांत पावले टाकत नदी उतरला. तिकडे पेटीचा खेळ चालू होता. त्याने तिकडे पाहिलेही नाही.

तात्पर्य: मोकळीक आपली असली, तरी आपल्या मागून येणाऱ्याला बुडवणारी वाट आपण धरू नये.